अर्धवट काम

माझे गुडघे गेले आणि टेकडी बंद झाली. पुण्यात टेकडी बंद होणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इतक्या वर्षांची पहाटेची चाल, वाटेत भेटणारी तीच ती माणसं, त्यांच्याशी तेच ते वाद, हे सगळं डॉक्टरांनी एका वाक्यात काढून घेतलं. चढउतार नको, म्हणाले. बसून करता येईल असा व्यायाम शोधा. बसून करता येणारा एकच व्यायाम तेव्हा मला येत होता, तो म्हणजे तक्रारअर्ज लिहिणं.

मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. समोर आलेली वस्तू हातात घ्यायची, मापाला लावायची आणि कुठे कमी पडली ते कागदावर लिहायचं, हे माझं काम. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, पण हात काही थांबेना. रस्त्यावरचं उघडं झाकण, सोसायटीच्या नोटिशीतली शुद्धलेखनाची चूक, बागेतल्या बाकाचा मोडका पाय, माझ्या हातून काही सुटायचं नाही. आमचे हे माझ्या अर्जांचं शुद्धलेखन तपासतात. मजकुराबद्दल मत देत नाहीत. संसारात एवढं तरी शिकलेत.

कयाकचं खूळ भाचीनं डोक्यात घातलं. वारजेच्या आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर एक तलाव आहे. तिथे काही हौशी लोकांनी मिळून चार-पाच कयाक ठेवल्या आहेत. तलावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की रविवारी लोक गाणी लावायला येतात. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, बुटकी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडे-उजवीकडे मारत न्यायची. मावशी, यात गुडघे वापरावेच लागत नाहीत, असं भाची म्हणाली. ते खोटं होतं. आत बसताना आणि बाहेर निघताना गुडघ्यांनी माझी अब्रू काढली. पण मधला दीड तास त्यांचा खरंच पत्ता नव्हता.

हे काठावर थर्मास आणि पेपर घेऊन बसले होते. पोहता येत नाही तर तुम्ही कशाला आलात, असं मी विचारलं. तू बुडालीस तर भाचीला एकटीला घरी कळवावं लागेल, ते बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पक्षी बघायची सवय मला टेकडीवरची होती. पण काठावरून किंवा उंचावरून पक्षी बघणं आणि पाण्यात बसून बघणं यात फार फरक आहे, हे त्या पहिल्या सकाळी मला कळलं. काठावर आपण उभे असतो, आणि उभ्या माणसाचं पक्ष्यांना वावडं असतं. कयाकमध्ये आपण बगळ्याच्या गुडघ्याएवढे होतो. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि होडी आपल्या आपण सरकू दिली, की थोड्या वेळानं पक्षी आपल्याला मोजेनासे होतात. एक टिबुकली माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यातून वर आली. माझ्याकडे बघून चुकून शेजाऱ्यांच्या घरात शिरल्यासारखं तिनं तोंड केलं आणि परत बुडी मारली. कबुतराहून जरा लहान, अंगानं गोलमटोल पक्षी, पण त्या एका क्षणात तिचा तांबूस गळा आणि चोचीच्या कोपऱ्यातला पिवळा ठिपका मला जितका स्वच्छ दिसला, तितका टेकडीवर दुर्बिणीतूनही कधी कुठला पक्षी दिसला नव्हता. मी घरी येऊन तीन दिवस टिबुकलीबद्दल बोलत होते. चौथ्या दिवशी ह्यांनीच मला तलावावर नेऊन सोडलं.

तलावाच्या वरच्या अंगाला, ओढा येऊन मिळतो तिथे दलदल आहे. पाणकणीस माणसाच्या उंचीचं वाढलेलं. त्यातून जाणारी पाण्याची एक अरुंद गल्ली मला पुढे सापडली. त्या गल्लीत वल्हं दोन्ही बाजूंना घासतं. जांभळ्या पाणकोंबड्या तिथे कणसांचे देठ पायात धरून सोलून खातात, आपण ऊस खातो तशा. धीवर, म्हणजे काळापांढरा खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि खाली पडतो. शेकाट्यांचे लालचुटूक लांब पाय चिखलात उमटत जातात. मी साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर दोष शोधण्याचा पगार घेतलेली. तिथे मला दोष सापडेना. सगळंच मापात होतं. गंमत म्हणून सांगत नाही, मला त्या गल्लीत बसून अनेकदा रडू आलं आहे.

फक्त जलपर्णी मला खुपायची. जांभळ्या फुलांची ती वनस्पती दिसायला देखणी, पण तलावावर ती गालिचा अंथरत जाते आणि खालचं पाणी गुदमरतं. आदल्या वर्षी गणपतीच्या आधी ती काढायला यंत्र आणि माणसं आली होती. त्यांनी बाकी तलाव साफ केला आणि चार ठिकाणी मोठाले पुंजके तसेच ठेवून निघून गेली. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा गेला आणि त्या चार पुंजक्यांपासून जलपर्णी पुन्हा निम्म्या तलावावर पसरली. हे बघून तपासनीस बाईचं काय झालं असेल ते सांगायला नको. ज्येष्ठातल्या उन्हात मी अर्ज लिहिला. मागील वर्षीचं काम अर्धवट करण्यात आलं असून चार ठिकाणी जलपर्णी हेतुपुरस्सर वा निष्काळजीपणानं सोडून देण्यात आली, मी स्वतः कयाकमधून प्रत्यक्ष पाहणी केली आहे, तरी संबंधितांकडून लेखी खुलासा घेण्यात यावा व यंदा एकही रोप शिल्लक राहणार नाही याची दक्षता घ्यावी. 'हेतुपुरस्सर'चं शुद्धलेखन ह्यांनी तपासलं. अर्ज रवाना झाला. माझ्या अर्जांना उत्तर येण्याची मला सवय नव्हती, म्हणून मी तो विसरूनही गेले.

श्रावणात मला कमळपक्षी भेटला.

आधीही लांबून पाहिला होता. कांस्यपंखी कमळपक्षी: डोकं-मान काळी, डोळ्यावर पांढरी भुवई, पंख ऊन पडलं की पितळेच्या घासलेल्या भांड्यासारखे. त्याची बोटं इतकी लांब असतात की पानांवर तो आरामात चालतो, पान बुडत नाही. जलपर्णीच्या मोठ्या पट्ट्याच्या कडेनं मी जात होते, तेव्हा तो एका जागेवरून उठून चालत बाजूला गेला. उडाला नाही. घाईही केली नाही. फक्त मुद्दाम लंगडल्यासारखं करून मला दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला. तो उठला तिथे चुरगाळलेल्या पानांच्या ओल्या ढिगावर चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही. अंडी तपकिरी, चकचकीत, आणि त्यांवर काळ्या रेघांचा नुसता गुंता. स्टेशनरीच्या दुकानात नवं पेन चालतं का हे बघायला लोक कागदावर गिरगटा करतात, तसा.

मी लगेच मागे फिरले. घरट्याजवळ रेंगाळू नये, हे नवशिक्यालाही शिकवतात. पण त्यानंतर रोज लांब थांबून दुर्बिणीनं बघत राहिले. अंड्यांवर बसायचा तो नर. कमळपक्ष्यांत बाई अंडी घालते आणि नवऱ्याच्या स्वाधीन करून दुसऱ्या संसाराला निघून जाते. असे तिचे तीन-चार संसार एकाच तलावावर चालू असतात. हे मी घरी सांगितलं, तेव्हा ह्यांनी पेपर खाली न ठेवता नुसतं हं केलं. नर मात्र बघत राहावा असा. बसताना तो दोन्ही पंख अंड्यांच्या खाली सरकवतो, म्हणजे ओल्या पानांचा गारवा त्यांना लागू नये. पाऊस आला की पाठ आणखी वाकवतो. बगळा जवळ आला तर अंगावर धावून जातो आणि परत येऊन तेवढ्याच काळजीनं पंख आत घालतो. मी त्याला पावसात बसलेला पाहिला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकं चोख काम मी कारखान्यात क्वचितच पाहिलं होतं.

गणपतीला आठवडा उरला होता. मंगळवारी सकाळी सहाला आम्ही तलावावर पोचलो, तर काठावर पिवळं यंत्र उभं होतं. पुढे लांब पट्टा, त्यावरून जलपर्णी वर चढते आणि मागे जमा होते. दहा-बारा माणसं विळे आणि दोर घेऊन पाण्यात उतरायच्या तयारीत होती. अर्जाला उत्तर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका अर्जावर संपूर्ण, वेळेत आणि शब्दशः कार्यवाही होत होती.

 ह्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थर्मास गाडीतच ठेवला. अर्ज मागे घेता येतो का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुझे अर्ज मागे घेता येण्यासारखे नसतात.

त्या माणसांचे मुकादम पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्याला गमछा बांधलेले गृहस्थ होते. ते भंडाऱ्याकडचे, कामासाठी पुण्यात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच राहिलं होतं. मी त्यांना गाठलं आणि जलपर्णीच्या मोठ्या पट्ट्यात एका पक्ष्याची अंडी आहेत, तेवढा भाग सोडा, असं सांगितलं. मला वाटलं होतं की ते हसतील, किंवा साहेबांना विचारा म्हणतील. त्यांनी विचारलं, "किती अंडे आहे जी?"

चार म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कमळपक्षी त्यांनी माझ्या वर्णनावरूनच ओळखला. त्यांच्याकडे गावोगाव मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, बांधलेले तलाव आहेत, मामा तलाव म्हणतात त्यांना. त्यांचे वडील तिथे मासे धरायचे आणि मुकादम लहानपणी डोंग्यात बसून त्यांच्याबरोबर असायचे. पण भाग सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. यंदा एक पान शिल्लक ठेवायचं नाही असं वरून लेखी आलं आहे, कुणीतरी अर्ज केला आहे, संध्याकाळी साहेब स्वतः बघायला येणार आहेत.

 तो अर्ज माझा आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही. एकसष्टाव्या वर्षी मी शाळेतल्या मुलीसारखी खाली मान घालून उभी होते.

मुकादमांनी काठाजवळचं जलपर्णीचं एक रोप मुळांसकट उचलून पाहिलं. मग म्हणाले, "सोडता नाही येत बाई. हालवता येते."

त्यांनी समजावलं ते असं. जलपर्णीची मुळं जमिनीत नसतात, पाण्यात लोंबत असतात. रोपं एकमेकांत गुंतून पट्टा होतो. तेव्हा घरट्याच्या भोवतीनं एका खोलीएवढा तुकडा विळ्यांनी कापून वेगळा करायचा, तो विस्कटू नये म्हणून चारी बाजूंना बांबू बांधायचे, आणि ते बेट हळूहळू ओढत वरच्या अंगाच्या पाणकणसात नेऊन ठेवायचं. पाणकणसात यंत्र जात नाही आणि साहेबही जात नाहीत. बेट एकदम न्यायचं नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, बाप परत येऊन अंड्यांवर बसला की ऊब धरू द्यायची, मग पुन्हा थोडं ओढायचं. अडचण एवढीच होती की त्यांच्या मोटारीच्या होडीनं लाटा उठतात, आणि माणसं पोहत गेली तर पक्षी जवळ येणार नाही. ओढायला काहीतरी बुटकं आणि बिनआवाजाचं हवं होतं. असं म्हणून ते माझ्या कयाककडे बघायला लागले.

कापायचं काम त्यांनी स्वतः केलं. बरोबर दोन माणसं घेतली. तिघंही गळ्याएवढ्या पाण्यात, फक्त डोकी वर, आणि विळे पाण्याखाली. पान हललेलं वरून दिसत नव्हतं. कमळपक्षी लांब पानांवर येरझाऱ्या घालत ओरडत होता. बांबू बांधून झाले तेव्हा त्या तिघांच्या अंगाला मुळांचा काळा गाळ चिकटला होता आणि घरट्यावरचं एकही पान जागचं हललं नव्हतं. हात असावेत तर असे. दोराचं एक टोक त्यांनी माझ्या कयाकच्या मागच्या कडीला बांधलं आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले.

मी वल्हं मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. चौथ्या-पाचव्या वेळेला दोर ताणला आणि मागे काहीतरी जड, सुस्त, निघालं. खोलीएवढं बेट ओढणं काय असतं हे माझ्या खांद्यांना अजून आठवतं. वीसेक फूट गेल्यावर मुकादमांनी लांबून हात वर केला. मी थांबले. पाच मिनिटांत कमळपक्षी आला, अंड्यांभोवती फिरला, पंख खाली घातले आणि बसला.  पुन्हा ओढलं, पुन्हा थांबले. या वेळी तो येईपर्यंत जास्त वेळ गेला. तिसऱ्या वेळी त्याहून जास्त.

असं करत करत दहाच्या सुमाराला बेट पाणकणसाच्या कोपऱ्यात पोचलं. मुकादम आणि पाच-सहा माणसं तिथे आधीच गुडघाभर पाण्यात येऊन थांबली होती. बेट वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी चारी कोपऱ्यांचे बांबू चिखलात रोवले, आणि चिखल धरेपर्यंत सोडता येईनात म्हणून ते तसेच धरून उभे राहिले. आवाज नको म्हणून यंत्रही बंद ठेवायला लावलं होतं. मी दोर सोडला, चाळीसेक फूट मागे सरकले आणि वल्हं मांडीवर घेतलं. आता फक्त त्यानं यायचं होतं.

तो येईना. ऊन चढत होतं. उघड्यावर पडलेली अंडी उन्हात किती वेळ टिकतात हे मला माहीत होतं, आणि मुकादमांनाही माहीत होतं, कारण ते एकसारखे वर सूर्याकडे आणि खाली अंड्यांकडे बघत होते. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. माणसं बांबू धरून पुतळ्यासारखी उभी. कुणी खोकलं नाही, कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. मग लांबच्या पानांवर मला पांढरी भुवई दिसली. तो येत होता, पण पायी, एकेक पान तपासत. मधे पाणी आलं की थोडंसं उडायचा आणि पुन्हा थांबायचा.

नेमके त्याच वेळी काठावरच्या चालण्याच्या वाटेवर एक गृहस्थ आले. पांढरे बूट, टोपी, हातात घडी केलेली छत्री. त्यांना बंद यंत्र दिसलं, आणि पाण्यात बांबू धरून उभी असलेली सात माणसं दिसली. मी कणसांच्या आड होते.

"वा," ते म्हणाले. "आपण यांचे मुकादम का? छान. उभं राहण्याचं कामसुद्धा हल्ली कंत्राटानं देतात, हे माहीत नव्हतं."

मुकादमांनी नुसते हात जोडले. गृहस्थांना तेवढ्यानं समाधान होणार नव्हतं. मागच्या वर्षीही असंच अर्धं काम टाकून पळालात, आमच्या कराच्या जिवावर सहल काढता, मी फोटो काढून वर पाठवणार आहे, असं त्यांचं सुरू झालं. शब्द नेमके होते, वाक्यं मुद्देसूद होती. ऐकताना मला कानकोंडं व्हायला झालं, कारण ती वाक्यं मी लिहिली असती तर अशीच लिहिली असती. त्यांना द्यायचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. तीन वाक्यांत मी त्यांना वाटेला लावलं असतं. आजवर मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण कमळपक्षी बेटाच्या कडेला पोचला होता. एक पाय त्यानं बांबूवर ठेवला होता आणि दुसरा वर धरला होता. काठावरच्या वाटेवरच्या आवाजांची त्याला सवय होती, पण पाण्यातून माझा चढा आवाज निघाला असता तर तो गेला असता. मी दात आवळून बसले. डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुसता येत नव्हतं, हात हलला असता.

मुकादम अगदी हळू आवाजात म्हणाले, "चुकलं साहेब."

गृहस्थ थांबले. भांडणाला आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की त्याला पुढचं सुचत नाही. त्यांनी फोटो काढला, छत्रीनं वाटेवरचा एक दगड बाजूला केला आणि ते निघून गेले. कमळपक्ष्यानं वर धरलेला पाय खाली ठेवला. तो अंड्यांपाशी गेला, चोचीनं एकेक फिरवलं, मान वाकवून बघितलं, आणि मग पंख खाली सरकवून बसला. सात माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला. तो आवाज मी ऐकला.

संध्याकाळपर्यंत तलाव स्वच्छ झाला. साहेब येऊन बघून गेले, असं मला नंतर कळलं. एक पान शिल्लक नव्हतं.

गणपती झाल्यावर निर्माल्य काढायला तीच माणसं पुन्हा आली. त्या दिवशी मी दोघांना बसता येईल अशी जोडीची कयाक घेतली आणि मुकादमांना पुढे बसवलं. वल्हं त्यांनी पहिल्यांदाच हातात धरलं होतं, पण दोन हात मारताच होडी सुतासारखी सरळ चालायला लागली. मी इतके महिने करत होते ते काय, असा मला प्रश्न पडला. पाणकणसाच्या कोपऱ्यात आम्ही वल्ही आडवी ठेवून थांबलो. कमळपक्षी बेटाच्या कडेनं चालत होता. आम्हाला बघून तो बसला, पंख जरा उचलले, आणि पुन्हा उठला तेव्हा त्याच्या दोन्ही पंखांखालून सहा बारीक पाय लोंबत होते. तीन पिल्लं बगलेत धरून बाप निघाला होता. त्यांची बोटं त्यांच्या अंगापेक्षा लांब होती. चौथं अंडं फुटलं नाही. मुकादमांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

माझ्यानं राहवेना. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "तो अर्ज माझा होता."

"मालूम आहे जी," ते मागे न बघता म्हणाले. अर्जात कयाकमधून पाहणी केल्याचं लिहिलं होतं, आणि पन्नाशीच्या पुढची कयाकवाली बाई या तलावावर एकच आहे. पहिल्या दिवशी मी समोर येऊन उभी राहिले तेव्हाच त्यांना कळलं होतं.

मला पुढचं विचारायची भीती वाटत होती, पण विचारलं. मागच्या वर्षी ती चार ठिकाणं राहिली कशी?

"राहिली नाही, ठेवली," ते म्हणाले. "पाखरं बसून होती ना."

मग माझ्या अर्जावरून खुलासा मागितला तेव्हा तसं लिहून का दिलं नाहीत, दिलं असतंत तर यंदा हा हुकूम निघाला नसता, असं मी म्हटलं. 

 पिल्लं बापाच्या पंखाखालून खाली उतरत होती, एकेक करून, तिकडे मुकादम बघत होते.

"खरं लिवलं असतं तं इचारलं असतं, कोणतं पाखरू, कुठं, दाखवा. मग लोकं पाह्याले आले असते," ते म्हणाले. "चुकलं म्हणून लिवलं का कोणी पाह्याले येत नाही, बाई."